मधली भिंत

भांडण झालं तेव्हा आमच्या दोन घरांच्या मध्ये भिंत दादानेच घातली होती. परवा तोच घण घेऊन माझ्या दारात उभा! "पाडूया रे ही. अंगण कसं मोकळं हवं."

माझा ऊर भरून आला. निम्म्याहून जास्त भिंत मीच पाडली, विटाही मीच वाहिल्या. बायकोने त्या जागी बाक ठेवला, वहिनीने कुंड्या मांडल्या. शेवटी रक्ताचं नातं, असं मी वेड्यासारखा गावभर सांगत सुटलो.

आज सकाळी बाकावर एक अनोळखी जोडपं बसलं होतं. दादा थेट माझ्या पायरीपर्यंत हात फिरवून त्यांना सांगत होता,



"या किमतीत घराला एवढं मोठं अंगण तुम्हाला दुसरीकडे मिळायचं नाही."