नवे पिकअप

सोल्डरचा शेवटचा टिपका पडला, धुराची बारीक रेघ वर गेली आणि झिशाननं रोखून धरलेला श्वास सोडला. बोटं भाजली होती, पण गिटारचे दोन्ही नवे पिकअप जागेवर बसले होते. तारांचा आवाज उचलून स्पीकरला पोचवणाऱ्या या काळ्या पट्ट्या त्यानं जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं बदलल्या होत्या, मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून. सांगलीच्या दुकानात देता आलं असतं. पण हे काम त्याला इथंच करायचं होतं, मिरजेत, अब्बांच्या दुकानात, अब्बांच्या देखत.

अब्बा, म्हणजे रसूलभाई, दाराकडं तोंड करून बसले होते. मांडीवर तंबोरा, हातात कानस. जवारी काढायचं काम चाललं होतं. तारांखालची घोडी अशी घासायची, की तार छेडल्यावर सूर मिटलेला न राहता फुलून यावा. त्याला माप नाही, यंत्र नाही, नुसता कान. आणि कान म्हणजे रसूलभाईंचा, असं सगळी गल्ली म्हणायची.

या कानानं झिशानला फार छळलं होतं. गिटार घरात आली तेव्हा अब्बांनी अबोलाच धरला. मग बोलले ते असं, "पोट न्हाई, भोपळा न्हाई. ह्ये वाद्य हाय का पाट? बंद कर ती केकाटणी." माडीवर त्यानं तारेला हात लावायचा अवकाश, खालून ओरडा ठरलेला. पण गेलं वर्षभर एक शब्द नाही. परवा तर अब्बा वर येऊन समोर बसले, त्याच्या बोटांकडं बघत राहिले आणि हसले. झिशान जिना उतरून धावत अम्मीकडं गेला होता. "अब्बांना आवडाय लागलंय!" त्या एका हसण्यावर स्वारी तरंगत होती. म्हणून तर आज गिटार दुकानात आली होती. नवा आवाज पहिल्यांदा अब्बांनी ऐकावा, एवढीच त्याची हौस होती.

त्यानं स्पीकरचं बटण दाबलं.

तार छेडायच्या आधीच अशी घरघर सुटली की भिंतीवरच्या सतारी आपोआप झणझणायला लागल्या. झिशानच्या लक्षात आलं. अर्थिंगची तार जोडायची राहिली होती. पहिल्याच खेपेला घोटाळा, तोही यांच्यासमोर! आता कानस भिरभिरत येणार असं धरून त्यानं मान खाली घातली.

काहीच आलं नाही. कानस आपली घोडीवर चाललेली.

समोरचा चहावाला नानासो दोन्ही कानांवर हात दाबून दारात आला. "आरं झिशान, बंद कर की गड्या! गिऱ्हाईक उठून चाललं माजं!"

रसूलभाईंनी मान वर केली. नानासोला बघून हसले, मग वळून झिशानकडं बघितलं. घरघर तशीच चालू होती.

"झालं व्हय बसवून?" त्यांनी विचारलं. "मग वाजव की रं. गप का बसलाईस?"

झिशानच्या हातातली पक्कड खाली पडली. "अब्बा," तो म्हणाला. अब्बा त्याच्या ओठांकडं बघत होते. परवा बोटांकडं बघत होते तसंच, मन लावून.

मग त्यांची नजर नानासोनं कानांवर दाबलेल्या हातांवर गेली. तिथून स्पीकरच्या लाल दिव्यावर. चोरी पकडली गेल्यासारखे ते खाली बघायला लागले.

झिशाननं बटण बंद केलं. नानासो निघून गेला.

अब्बांना गिटार आवडली नव्हती. ती त्यांना ऐकूच आली नव्हती. परवापासून ज्या आनंदावर तो तरंगत होता तो हा असा होता, आणि आता रडायचं ते स्वतःसाठी की त्यांच्यासाठी, तेच त्याला कळेना. मला शिव्या घाला अब्बा, पहिल्यासारख्या, असं त्याला ओरडावंसं वाटलं. पण ओरडून काय उपयोग होता?

"आण हिकडं," रसूलभाई म्हणाले.

त्यांनी गिटार मांडीवर उभी धरली, तंबोरा धरतात तशी. तिचं डोकं तोंडाशी ओढलं आणि लाकडावर दात रोवले. हल्ली तंबोऱ्यांच्या गळ्यावर बारीक वण दिसायचे. उंदीर झालेत म्हणून झिशाननंच दुकानात पिंजरा लावला होता.

अब्बांनी डोळे मिटून जाड तार छेडली. स्पीकर बंद, त्यामुळं दुकानात जेमतेम टणत्कार झाला. ते मात्र तार थांबेपर्यंत तसेच राहिले. मग एक खुंटी किंचित पिळली, पुन्हा छेडली आणि मान हलवली.

"आता बराबर हाय."

बरोबर होती. सूर तसूभरही चुकला नव्हता.

झिशान त्यांच्या पुढ्यात जाऊन बसला, तोंड त्यांच्या तोंडासमोर येईल असा. एकेक अक्षर सुटं करून त्यानं विचारलं, "कवापास्नं, अब्बा?"

रसूलभाईंनी गिटारच्या डोक्यावरची ओल बाहीनं पुसली.

"लाकूड काय म्हणतंय ते दातानं कळतंय," ते म्हणाले. "तू काय म्हणतोस ते न्हाई कळत रं."