विसरलेला हात

शालनबाईंनी पिठाचा गोळा परातीत ठेवला आणि थापायला घेतला, तर त्यांच्या यांत्रिक उजव्या हातानं तो नुसता दाबला. मधोमध भोक पडलं. स्वतःचा हात गिरणीच्या पट्ट्यात गेला, त्यानंतर वर्षभर जीव तोडून त्यांनी या हाताला भाकरी शिकवली होती.

हात बनवणाऱ्या कंपनीतली मुलगी फोनवर गोड आवाजात म्हणाली, "रात्रीच्या अपडेटमध्ये शिकवलेलं पुसलं गेलंय, काकू. पहिल्यांदा शिकवलंत तसंच पुन्हा शिकवा ना."

"पहिल्यांदा मला माहीत नव्हतं गं, किती वेळ लागतो ते," म्हणत त्यांनी फोन ठेवला.

त्यांचे यजमान महिपतराव दारात उभे होते. "खानावळवाल्याला यापुढे भाकऱ्या पुरवायला जमणार नाही म्हणून कळवू?"

रिकामा तवा तापून धूर सोडायला लागला होता; शालनबाईंनी तो खाली उतरवला.

"आजच्यापुरतं कळवा," त्या म्हणाल्या.

मग भोक पडलेली भाकरी मोडून त्यांनी पुन्हा गोळा केला आणि पोराला पाटीवर गिरवायला लावतात तसं डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरलं.

"चल बाई," त्या हाताला म्हणाल्या. "तुझं बरंय, तू दमत नाहीस."