समुद्र कुठून दिसतो

पुण्याहून फिरायला आलेल्या जोडप्यानं वेसाव्याच्या कोळीवाड्यात, उंबऱ्यावर फोन धरून बसलेल्या मंजुळाला विचारलं, "मावशी, समुद्र कुठून छान दिसतो?"

मंजुळाचं डोकं सकाळपासून फिरलेलं, त्यात हे.

"गिल्बर्ट हिलवर चढा. धापा टाकत वर पोचलात की चारी बाजूंना बिल्डिंगी दिसतील. चौपाटीवर जा, फोटो काढणाऱ्यांच्या पाठी दिसतील. नायतर इथंच बसा. ह्या उंबऱ्यावरून अख्खा समुद्र दिसायचा. बावटा बघून होडी कुणाची ते सांगायचो आम्ही. आता समोर झकास टॉवर दिसतो. तो बघा, फुकट आहे."

जोडपं ओशाळून हसलं. तेवढ्यात मंजुळाचा फोन वाजला. त्याच टॉवरच्या एकविसाव्या मजल्यावरून नमिता ओरडत होती, "मावशी, लाल बावटा दिसला! काकांचीच होडी! वादळातून आले गं एकदाचे!"

नवरा परतला होता. मंजुळानं फोन कपाळाला लावला. मग पाटी उचलून बंदराकडे धावता धावता जोडप्याकडे वळली.

"समुद्र बघायचाय ना? मग माझ्यासारखं करा. टॉवरात वर कुणाला तरी फुकट पापलेट घालत जा."