चारचा पाव

वीज गेली तेव्हा पीठ नुकतंच फुगायला लागलं होतं.

बेकरीवालीनं भट्टीच्या काचेतून आत पाहिलं. आतला दिवा विझला होता. तिनं बटण खालीवर करून पाहिलं, उगाचच, कारण पंखा थांबला होता आणि फ्रीजची घरघरही.

"येईल एवढ्यात," नवरा म्हणाला. तिनंही मान डोलावली. चारचा पाव निघायला अजून अवकाश होता.

पण वीज येईना. शेवटी नवरा वीज कंपनीच्या ऑफिसात जाऊन आला, तो तोंड पाडूनच. "जमिनीखालची केबल जळालीय. संध्याकाळ होईल म्हणतात. कुठली संध्याकाळ, ते मात्र कुणी सांगत नाही."

पीठ काही केबलची वाट बघणार नव्हतं. टबांवरची ओली फडकी वर उचलली जायला लागली. तिनं बाह्या सारल्या आणि मुठी मारून पीठ खाली बसवलं. थोड्या वेळानं ते पुन्हा वर. तिनं पुन्हा मूठ मारली. सासरे होते तोवर इथे लाकडाची भट्टी होती. धुराच्या तक्रारी झाल्या म्हणून ती पाडून ही विजेची आणली होती.

शेजारचा शिंपी दारातून डोकावला. त्याचं मशीन पायाचं, ते चालूच होतं. "वहिनी, तुमची भट्टी पायानं चालत असती ना, तर आलो असतो हो मदतीला."

ती हसली. शिंप्यानं टबांकडे पाहिलं, त्याचं हसू मावळलं. तो गेला आणि घरची गॅसची शेगडी सिलिंडरसकट उचलून घेऊन आला.

शेगडीवर जाड तवा ठेवला, तव्यावर पावाचे गोळे, वर पातेलं उपडं. पहिला घाणा खालून करपला, वरून कच्चा राहिला. आच कमी करून दुसरा लावला. तोही तसाच. शिंप्यानं एक तुकडा मोडून तोंडात टाकला, बराच वेळ चघळला.

"खाता येतो की," तो म्हणाला.

"येतो," ती म्हणाली. "पण विकता येत नाही."

चार वाजत आले तसा नवऱ्यानं शटरला हात घातला. "अर्धं ओढून घेतो. लोक समजून घेतील."

"बंद पडलं असं समजतील. राहू द्या उघडं."

कोपऱ्यावर ते मोठं दुकान आल्यापासून गल्लीतल्या बांगडीवाल्याचं आणि घड्याळवाल्याचं शटर असंच एकदा खाली आलं होतं, ते पुन्हा वर गेलंच नव्हतं. लोकांनी समजून घेतलं होतं. त्या मोठ्या दुकानाला स्वतःचा जनरेटर होता. त्याची धडधड इथपर्यंत ऐकू येत होती.

तिनं धुतलेला एप्रन बांधला आणि रिकाम्या ट्रेंपुढे, लाकडी काउंटरमागे जाऊन उभी राहिली. येईल त्याला स्वतः सांगायला लागली. "आज पाव नाही. वीज गेलीय. उद्या नक्की या." कुणी हळहळलं, कुणी नुसतंच "बरं" म्हणालं. बरं म्हणणाऱ्यांची पाठ कोपऱ्याकडे जाताना तिला दिसत होती.

शाळेतून निवृत्त झालेले मास्तर आले. त्यांनी सवयीनं कापडी पिशवी काउंटरवर ठेवली.

"मास्तर, आज झालाच नाही हो."

मास्तरांनी रिकामे ट्रे पाहिले. पिशवी उचलली नाही. "हिला दुसरं काही गिळवत नाही गं. दुधात भिजवलेला पाव तेवढा घशाखाली जातो."

तिनं पिशवी हलकेच त्यांच्याकडे सरकवली. मग म्हणाली, "कोपऱ्यावर मिळेल, मास्तर."

"तिथला? छे छे. बघू आज दुसरं काहीतरी." त्यांनी पिशवी घडी करून खिशात घातली आणि निघाले. ते कुठल्या बाजूला वळले, ते तिनं मुद्दामच पाहिलं नाही.

आत पीठ टबाबाहेर ओघळून फरशीवर आलं होतं. आंबूस वास सुटला होता. नवरा ते खरवडून कचऱ्याच्या पिंपात भरत होता. तिनंही पत्रा घेतला आणि त्याच्या शेजारी बसून खरवडायला लागली. पिंपातही ते फुगतच राहिलं. झाकण काही बसेना. नवऱ्यानं त्यावर वीट ठेवली.

"तू बाहेर हो," तो म्हणाला. "कुणी आलं असेल."

कुणी आलेलं नव्हतं. समोरच्या फुटपाथवरून मास्तर परत येत होते. तिकडे टळटळीत ऊन होतं, सावली सगळी बेकरीच्या बाजूला, तरी ते उन्हातूनच चालले होते. त्यांनी एक हात कोटाच्या आत घट्ट धरला होता आणि कोटाखालून चकचकीत पिशवीचा कोपरा बाहेर डोकावत होता. नजर सरळ समोर. गुडघ्यांना झेपत नसताना पावलं भराभर टाकत होते. घरी जायला दुसरी वाट नव्हती.

ती पटकन काउंटरमागे खाली बसली.

नवरा हात पुसत बाहेर आला. "काय गं, काय पडलं?"

"काही नाही. तुम्हीही बसा जरा खाली," ती हळूच म्हणाली. "मास्तर पुढे जाऊ देत."