अजून थोडं वाढव

“अजून थोडं वाढव,” गोविंदबुवा म्हणाले. मिक्सिंग करणाऱ्या शाल्मलीने तबला, व्हायोलिन, आवाज सगळंच मुकाट्याने वर नेलं. सत्तरीत निघणारा पहिलाच अल्बम बुवांना दणक्यात वाजायला हवा होता.

मग तिने त्यांना सगळी गाणी सलग ऐकायला बसवलं. तिसऱ्या गाण्याला बुवा कपाळ चोळू लागले. चौथ्याला म्हणाले, “बंद कर गं, डोकं उठलं!”

“तुम्हीच गाताय, बुवा!”

बुवा ओशाळून हसले. शाल्मलीने सगळं खाली आणलं, वाद्यांमध्ये जागा सोडली. आता बुवांच्या आवाजातली थरथर स्पष्ट ऐकू येऊ लागली.

“हीच लपवत होतो,” बुवा पुटपुटले.

“ठाऊक होतं मला. परत चढवू?”

बुवांनी शेवटचं गाणं संपेपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, “असंच राहू दे. पुन्हा पहिल्यापासून लाव.”