बरणीचं झाकण

निळकंठ पोफळ्यांनी वस्तूंना काळात मागे नेणाऱ्या आपल्या उलट भट्टीचं दार उघडलं आणि लोणच्याची बरणी अलगद टेबलावर ठेवली. सकाळी शालनने जुन्या पंच्यात बांधून तिचे नुसते तुकडे आणले होते. आता बरणी पांढरीशुभ्र होती, कुठे चरासुद्धा नव्हता.

"पडायच्या आधी होती तशी करा, एवढंच सांगितलं होतं मी," शालन म्हणाली.

"अहो, कालपर्यंत मागे न्यायला भट्टी कशाला पेटवायची? कारखान्यातून निघाली त्या दिवसापर्यंत नेली. मी अर्धवट काम करत नाही."

एवढं ऐकलं की गिऱ्हाइकं खूश होत. पोफळे वाट पाहत राहिले.

शालनने बरणीत नाक घातलं. थोड्या वेळाने पुन्हा घातलं.

"आईच्या लोणच्याचा वास गेला. ती गेल्यापासून मी ही धुतलीसुद्धा नव्हती. परत पुढे आणता येईल?"

"भट्टी फक्त मागे नेते, बाई."

पोफळे जरा वरमले. मग त्यांचं लक्ष तिच्या हातातल्या झाकणाकडे गेलं. ते फुटलं नव्हतं, म्हणून भट्टीत गेलंच नव्हतं. कडेला तेलाचा पिवळा थर होता, त्यात मोहरीची डाळ चिकटलेली.

"हे आता शोभत नाही हिला. द्या इकडे, तेही नवं करून देतो."

शालनने झाकण घाईघाईने ओढणीत गुंडाळलं आणि ती दुकानाच्या पायऱ्या उतरली.

"अहो, बरणी राहिली!"

"ती आमची नाही," शालन मागे न बघता म्हणाली.