तिला चालेल असं काही

तो बस चालवायचा आणि पहाटेच घराबाहेर पडायचा. बायकोला किडनीचं दुखणं लागल्यापासून, ती उठायच्या आत तिच्या उशाशी काहीतरी खायला ठेवून जायचा. आज ड्यूटी संपल्यावर तो कोपऱ्यावरच्या दुकानात शिरला.

"ताई, सकाळी उठल्या उठल्या खाता येईल असं काहीतरी द्या. पण पौष्टिक हवं."

"केळी न्या ना काका, ताजी आहेत."

"केळं तिला चालत नाही."

"मग बदाम?"

"तेही डॉक्टरांनी बंद केलेत."

"दुधाचं काही?"

त्याने नकारार्थी मान हलवली. दुकानातली मुलगी कपाटाकडे बघत राहिली. "काका, पौष्टिक म्हणून लोक नेतात ते एवढंच."

शेवटी त्याने बिनमिठाची बिस्किटं घेतली. घरी आला तर सकाळी ठेवलेल्या सफरचंदाच्या फोडी उशाशी तशाच होत्या, काळ्या पडलेल्या.

"अगं, हेही नको, तेही नको! मग सांग तरी, काय आणू? म्हणशील ते शोधून आणतो."

"काही आणू नका हो. आणलेलं सगळं चांगलंच असतं. पण एकटीला घास उतरत नाही. तुम्ही समोर बसलात की चार घास जातात, इतकंच."

तो तिच्या उशाशी टेकला.

"उद्या रजा टाकतो. दोघं बसून खाऊ."

तिने त्याच्या हातातली पिशवी घेतली.

"आणि परवा?"